पाण्यावर तरंग नाही

९ एप्रिल

चि. पुस्तक्या,

आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस. कागदावर तरी धाकट्या भावाला गप्प बसावं लागतं.

काल आमच्या तलावावर उन्हाळी वर्गाची नावनोंदणी होती. दवाखान्यातली नर्स आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी नऊ-दहा वर्षांची, पोहण्याचा नवा पोशाख घरूनच घालून आलेली, वर फ्रॉक. खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "शिफारस कुठाय?"

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. तलाव नगरपालिकेचा, म्हणजे सगळ्यांचा; पण कार्ड काढायला दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात. नर्स राहते टेकडीवरच्या वस्तीत. गावात 'काळे' असं कुणी म्हणत नाही, 'टेकडीवरचे' म्हणतात. आम्ही गोरी माणसं फार सभ्य आहोत. टेकडीवरच्या एकाकडेही कार्ड नाही, म्हणून त्यांची शिफारस करणारं कुणी नाही, आणि शिफारस नाही म्हणून कार्ड नाही. इतकी वर्षं मी त्याच खिडकीसमोरून शिट्टी गळ्यात घालून जाते-येते. माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. पोहणाऱ्याचं डोकं पाण्याबाहेर असतं, एवढाच त्याचा उपयोग.

मी तिथल्या तिथे एक सही ठोकली. दुसरीसाठी रांगेकडे पाहिलं. निम्म्यांना मीच हातपाय मारायला शिकवलंय. कुणाला अचानक चपलेचा पट्टा आवळायचा होता, कुणाला घड्याळाला किल्ली द्यायची होती. मुलीने विचारलं, "आई, फ्रॉक काढू?" नर्स म्हणाली, "नको, आज पाणी गार आहे."

तुझी सगळी हयात या विषयावर लिहिण्यात गेली. तुझं ते जाड पुस्तक माझ्या कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला अडसर म्हणून फार कामाचं आहे. त्यात यावर काही असेल तर कळव.

ताई

१५ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. वाकून करणार होतो, पण कंबर धरलीय, तेव्हा उभ्या उभ्याच घे.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून टुणकन उठलो आणि "सापडलं!" म्हणून ओरडलो. तुझ्या वहिनीने आतून विचारलं, "काय, चष्मा?" मी पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एका पोरीला दारातून परत पाठवलं, आणि तुम्ही लॉटरी लागल्यासारखे नाचताय." मग मी बसलो. पण खरं सांगतो, आतून नाचतच होतो.

ताई, हा खटला म्हणजे सोनं आहे. नियमात रंगाचा 'र' नाही, आणि तरी तो नियम रंगाखेरीज दुसरं काहीच पाहत नाही! नागरी हक्कांच्या तासाला मी असं उदाहरण दरवर्षी मनाने रचून सांगतो. मुलं म्हणतात, "सर, इतकं उघड कुठे असतं का?" असतं. माझ्या बहिणीच्या खिडकीवर असतं.

खटला मीच लढवीन. वर्णभेदावर मी दोन पुस्तकं लिहिली, परिषदांतून बोललो, समित्यांवर बसलो. न्यायालयात मात्र शेवटचा गेलो तो विद्यार्थ्यांची सहल घेऊन. वकिलीची सनद आहे, बैठकीत भिंतीवर टांगलेली. काच पुसून आणतो. नर्सबाईंना विचार, त्यांची तयारी आहे का.

ता. क. माझ्या पुस्तकात यावर अख्खं प्रकरण आहे. दारातून काढून वाच. त्या जागी वीट ठेव.

तुझा
पुस्तक्या

२४ एप्रिल

चि. पुस्तक्या,

प्रकरण वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर झोप लागली. चांगली लागली, तक्रार नाही.

नर्सकडे जाऊन आले. ती कमी बोलते. तिने मला खुर्ची दिली आणि स्वतः इस्त्री करत राहिली. मुलगी टेबलाखाली बसून आमचं ऐकत होती. शेवटी नर्सने एकच विचारलं, "तुमच्या भावाने असे खटले लढलेत ना?"

मी म्हटलं, "पुष्कळ."

तेव्हा आता तू पुष्कळ खटले लढलेला आहेस. लक्षात ठेव, तिच्यासमोर गोंधळू नकोस.

ती तयार आहे. म्हणाली, "पोरीसाठी करायलाच हवं."

ताई

२ सप्टेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खरोखरचा, कारण आज मी जमिनीवर आडवाच पडून आहे.

तू काल मागच्या बाकावर होतीस, म्हणजे सगळं पाहिलंस. पण तिथून ऐकू किती आलं कोण जाणे, आणि अर्धवट ऐकून तू घरी भलतंच सांगशील, म्हणून खरं काय ते मीच लिहितो.

मी तासभर बोललो. समानतेची कल्पना कुठून आली इथपासून सुरुवात केली. मध्यंतरी न्यायाधीशांनी हात वर केला. मला वाटलं, त्यांना शंका आहे. वर्गात हात वर झाला की मी म्हणतो, "शाबास, विचारा." तोंडून तेच गेलं. "शाबास, विचारा." लघुलेखक खाली वाकून पेन्सिल शोधत होता ते तुला दिसलं असेल. पेन्सिल त्याच्या हातातच होती.

न्यायाधीश म्हणाले, "प्राध्यापक, तुम्हाला माझ्याकडून नक्की काय हवंय?"

मी म्हणालो, "समानता, महोदय."

"ती मला आदेशात लिहिता येत नाही. मी नगरपालिकेला काय करायला सांगू?"

ताई, मी टिपणं चाळू लागलो. आयुष्यभर काय व्हायला हवं हे सांगितलं. सोमवारी सकाळी कुणी काय करायचं, हे कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी त्यांनीच माझा अर्ज उलटला. "तुम्हीच शेवटच्या पानावर लिहिलंय, शिफारशीचा नियम रद्द करा आणि या मुलीला कार्ड द्या. हेच ना?" मी म्हणालो, "हो, हे चांगलं आहे."

बाहेर आल्यावर नर्सबाईंनी मला पाणी दिलं. नाडी पाहिली नाही, पण त्यांना पाहावीशी वाटत होती, असं वाटलं.

पुस्तक्या

२० सप्टेंबर

ताई! ताई! ताई!

जिंकलो! निकालपत्र हातात आहे. नियम रद्द. तलाव सगळ्यांना खुला. न्यायाधीशांनी माझ्या तासाभराच्या भाषणातलं एक वाक्य घेतलंय, आणि तेही मी मध्ये पाणी प्यायला थांबलो त्यानंतरचं.

महाविद्यालयात फुलांचा गुच्छ मिळाला. प्राचार्य, जे मला जिन्यात ओळखत नाहीत, ते म्हणाले, "आपले प्राध्यापक!" वर्तमानपत्रात फोटो आलाय, त्यात माझं पोट न्यायाच्या बाजूने जरा जास्तच पुढे आहे. तुझी वहिनी तो शेजारी दाखवते आणि म्हणते, "हे न्यायालयात असेच उभे होते, घरी पिशवी उचलायला सांगा."

निकालाच्या दिवशी नेमकी तुझी ड्यूटी होती, म्हणून तू आली नाहीस. आता सविस्तर लिही. तलावावर कसं चाललंय? कुणी भांडलं का? मुलगी पाण्यात उतरली का?

तुझा विजयी
पुस्तक्या

१ ऑक्टोबर

चि. पुस्तक्या,

फोटो पाहिला. पोट खरंच आहे. अभिनंदन. आई असती तर तुझी दृष्ट काढली असती आणि मग म्हणाली असती, "आता केस काप."

तू विचारलंस त्याची उत्तरं. तलावावर भांडण एकही झालं नाही. गर्दी अजिबात नाही. पाण्यावर तरंग नाही. इतकं शांत पाणी मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. नर्स बरी आहे. मुलगी शाळेत जाते.

गुच्छाला पाणी घाल, नाहीतर फुलं माना टाकतात.

ताई

१८ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार, आणि आभार. तुझ्या पत्राने मला रडवलं. 'पाण्यावर तरंग नाही'! ताई, तू कवी आहेस आणि तुला पत्ता नाही. आम्ही म्हणत होतो, दंगा होईल, दगड पडतील. आणि तिथे काळी-गोरी माणसं एका पाण्यात, आणि पाणी शांत!

पुढच्या शुक्रवारी माझं जाहीर व्याख्यान आहे. शीर्षक तुझंच घेतलंय. शेवटी तुझ्या पत्रातल्या ओळी वाचणार आहे. पुढच्या महिन्यात आमच्या विधी-मासिकाच्या छायाचित्रकाराला घेऊन तिकडे येतो. त्याला मुलीचा उडी मारतानाचा फोटो हवाय.

पुस्तक्या

३० ऑक्टोबर

पुस्तक्या,

छायाचित्रकाराला आणू नकोस.

तुझं पत्र टपालात रेंगाळलं, आज मिळालं, म्हणजे तुझं व्याख्यान होऊन गेलं. उशीर झालाय. पण लिहिते.

निकालाचं कळलं त्याच संध्याकाळी तलावाला कुलूप लागलं. दारावर पाटी: 'दुरुस्तीसाठी बंद'. मी तुला जे लिहिलं ते खोटं नव्हतं. भांडण नव्हतं, गर्दी नव्हती, तरंग नव्हता. कुंपणाबाहेर उभी राहून पाहिलेलं लिहिलं. तू इतका खूश होतास. वाटलं, आठवडाभर राहू दे. मग आठवडा लांबला. मला काय ठाऊक, तू भावाचा वक्ता होशील!

गेल्या आठवड्यात त्यांनी पाणीही सोडून दिलं. आता तळाला पानं पडलीत. मला नगरपालिकेच्या वाहनतळावर पावत्या फाडायला बसवलंय. शिट्टी मात्र ठेवलीय. काल एक मोटार मागे घेताना वाजवली, तर चालकाने दोन्ही हात वर केले.

माझं सोड. नर्सचं ऐक. लोक तिला म्हणत नाहीत की नियम वाईट होता. म्हणतात, "हिच्यामुळे आमच्या पोरांचा तलाव गेला." दवाखान्यात एका बाईने तिच्याकडून सुई टोचून घ्यायला नकार दिला. नर्स म्हणाली, "ठीक आहे, दुसरीला पाठवते," आणि दुसऱ्या खाटेकडे गेली. मी तिला म्हटलं, चूक माझी, मीच भावाला गळ घातली. ती म्हणाली, "बाई, पुढे काय करायचं ते विचारा त्यांना."

तर विचारते. पुढे काय करायचं?

ताई

२६ नोव्हेंबर

ती. ताईस,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं सुचत नव्हतं. ज्याला पानं भरायची सवय, त्याचं असं झालं म्हणजे आजार समज.

व्याख्यान झालं होतं. तुझ्या ओळी वाचल्यावर सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी डोळे पुसले. एका रिकाम्या, कुलूपबंद तलावासाठी इतक्या शिकलेल्या माणसांनी इतका वेळ टाळ्या वाजवल्याचं उदाहरण माझ्या वाचनात नाही. पुढच्या तासाला मी वर्गात खरं काय ते सांगितलं. कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मग त्यांनी बंदच केलं तर कायदा काय म्हणतो?"

मी म्हणालो, "पुस्तकात बघू." पुस्तक माझंच. बघितलं. तळटीप सापडली: 'सार्वजनिक सोय बंदच केल्यास काय, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.' ताई, ही टीप लिहिताना मला किती शहाणं वाटलं असेल!

आता तो अभ्यास करतोय, लोकांच्या जिवावर. दुसरा दावा दाखल केला: तलाव बंद करणं हीही त्या निकालाची पायमल्लीच आहे. तात्पुरता आदेश मागितला, तो नाकारला गेला. न्यायाधीश नवे आहेत. म्हणाले, "आता तिथे कुणीच पोहत नाही. गोरे नाहीत, काळे नाहीत. तुमची समानता मिळालीच की." नगरपालिकेचा वकील हसला. मीही हसलो असतो, विनोद चांगला होता.

नर्सबाई शेजारीच होत्या. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला माघार घ्यायची असेल तर मी समजू शकतो." त्या म्हणाल्या, "माझी रात्रपाळी आहे. पुढची तारीख कळवा."

एक विचारतो. त्यांना अजून वाटतं का, की मी पुष्कळ खटले लढलोय?

पुस्तक्या

५ डिसेंबर

चि. पुस्तक्या,

तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. "शाबास, विचारा" ऐकल्यावर. मी विचारलं, मग तेव्हाच दुसरा वकील का नाही पाहिला? म्हणाली, "शोधला. कुणी येईना. हे निदान येतात."

यावर फुगू नकोस. तशी ती स्तुती नाही.

ताई

१४ मे

ती. ताईस,

काल नगराध्यक्षांची उलटतपासणी झाली. वाहनतळावरून तुला सुट्टी दिली नाही म्हणून लिहितो.

नगराध्यक्ष माणूस हसतमुख. सगळ्यांना नमस्कार, मलाही. पाइपांचे कागद, अभियंत्याचे अंदाज, सगळा बाडबिस्तरा घेऊन आले होते. मी विचारायचं आणि त्यांनी गोड उत्तर द्यायचं, असं दुपारपर्यंत चाललं. "दुरुस्ती झाल्यावर उघडाल ना?" "अर्थात!" "सगळ्यांना?" "निकालच आहे तसा, प्राध्यापकसाहेब!" प्रत्येक उत्तराने आमचा दावा आणखी एक हात खोल जात होता.

उत्तर ठाऊक नसेल तो प्रश्न साक्षीदाराला विचारू नये, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून देतो. पण मी थकलो होतो, चिडलो होतो, आणि दवाखान्यातली ती सुई डोक्यात होती. वकील म्हणून नाही, तुझा भाऊ म्हणून विचारून गेलो, "अहो, मग इतक्या महिन्यांत एक वीटही का हलली नाही?"

तेही कंटाळले असावेत. म्हणाले, "घाई कसली? उघडला तरी जाणार कोण? आमच्या बायकापोरी आता त्या पाण्यात उतरणार आहेत होय?"

न्यायाधीशांनी लेखणी उचलली आणि हळूच विचारलं, "कुठल्या पाण्यात म्हणालात?"

नगराध्यक्षांनी आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकील छताकडे पाहत होता.

मी खाली बसलो. कंबर धरली होती, दुसरं काही नाही. पण आज सगळे म्हणताहेत, काय मुरब्बी माणूस, अचूक क्षणी थांबला! मी कुणाचा गैरसमज दूर केलेला नाही. फक्त तुझ्या वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "मला काल फोनवर आवाजावरूनच कळलं; मुरब्बी माणूस उभ्याने बोलतो, तुम्ही बसून बोलत होतात."

निकाल पंधरवड्यात. जिंकलो तरी या वेळी नाचणार नाही. आधी पाण्यात माणूस दिसल्याचं तू कळव, मग बघू.

पुस्तक्या

३० जून

चि. पुस्तक्या,

आज तलाव उघडला. न्यायालयाने तारीख घालून दिली होती म्हणून, नाहीतर अजून पाइप शोधत बसले असते. डोळ्यांनी पाहिलेलं लिहितेय, कुंपणाच्या आतून.

सकाळी कुलूप काढलं, पाणी भरलेलं होतं, मी शिट्टी घालून उभी. आणि कुणीच नाही. जुन्या सभासदांपैकी एक म्हातारा आला, त्याला डॉक्टरने गुडघ्यासाठी पोहायला सांगितलंय. त्याने उतरण्याआधी इकडेतिकडे पाहिलं. मी म्हटलं, "पाहताय काय, गुडघा वाट बघतोय." तो उतरला. टेकडीवरून दोन मुलगे आले, पायरीवर बसून पाय बुडवले, म्हाताऱ्याला आंघोळ घातल्यासारखं भिजवलं आणि पळाले. तो शिव्या देत राहिला, पण बाहेर आला नाही. बाकीच्यांचं काय होईल मला ठाऊक नाही. काही येतील, काही शेजारच्या गावातल्या खाजगी तलावावर जाताहेत. जाऊ देत.

दुपारी पाळी संपवून नर्स आली. मुलगी बरोबर. पुस्तक्या, सव्वा वर्षात पोर केवढी वाढली! तो पोशाख कधीच लहान झाला. आता तिला पोहण्यात रस नाही, धावण्याच्या शर्यतीत जाते, केस ओले व्हायला नको असतात. मी म्हटलं, "अगं, तुझ्यासाठी एवढं रामायण झालं!" ती अवघडली. मला माझ्या जिभेचा राग आला. तेवढ्यात नर्स म्हणाली, "तिला नका बोलू, बाई," आणि पिशवी घेऊन कपडे बदलायला गेली.

बाहेर आली तेव्हा पोहण्याच्या पोशाखात. नवा कोरा, घडीच्या खुणा तशाच. वयाने चाळिशीची, वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केलेली बाई, दोन्ही हात छातीशी धरून उभी होती. म्हणाली, "खटला तिच्या नावावर होता. हौस माझीच होती. शाळेतून येताना या भिंतीपलीकडून आवाज यायचा. कोण ओरडतंय, कशाला हसताहेत, दिसायचं नाही. मोठी झाल्यावर वाटलं, आता स्वतःसाठी काय मागायचं, हसतील लोक. पोरीसाठी मागितलं तर निदान ऐकतील."

तुझे दोन्ही अर्ज मी वाचलेत, झोप न लागता. त्यात पानोपानी 'बालकाचा हक्क' आहे. आपण दोघं केवढे हुशार, नाही? तिचं नाव 'पालक' म्हणून लिहिलं आणि पुढे गेलो.

मी पाण्यात उतरले आणि हात पुढे केला. पहिल्या पायरीवर तिने विचारलं, "इथे पाय टेकतात ना?" दुसऱ्या पायरीवर पुन्हा विचारलं. नगराध्यक्षांना, न्यायाधीशांना, सुई नाकारणाऱ्या बाईला न घाबरलेली ती छातीभर पाण्यात माझं मनगट असं आवळून उभी होती की माझी बांगडी वाकली. मी तिच्या पाठीखाली हात धरला आणि म्हटलं, डोकं मागे टाक, कान बुडू देत. कितीदा उठून उभी राहिली. मग एकदा टाकलं. मी हात काढून घेतला ते तिला कळलंच नाही. आभाळाकडे तोंड करून पडून राहिली, चार श्वासभर असेल. मग दचकून उभी राहिली, खोकली, नाकातोंडातून पाणी, आणि मला म्हणाली, "बाई, आत बाहेरचं काही ऐकू येत नाही!"

पुन्हा आडवी झाली.

मुलगी काठावर पोट धरून हसत होती. म्हणाली, "उद्यापासून मी पण येणार. पोहायला नाही, आईला बघायला."

आता नाच, माझी परवानगी आहे. रविवारी इकडे ये. छायाचित्रकार नको, कागद नकोत. वहिनीला घेऊन ये, आणि टॉवेल.

ताई